दूधगंगेकाठी दोन रिळे

सदलगा हे आमचे आजोळ. बेळगाव जिल्ह्याच्या चिकोडी तालुक्यात, दूधगंगेच्या काठी हे गाव वसलेले आहे. १९५६ पर्यंत हा मुलूख मुंबई राज्यात होता. त्या वर्षीच्या राज्यपुनर्रचनेत तो तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. गावात कानडी आणि मराठी दोन्ही भाषा सारख्याच सहजतेने चालतात. दूधगंगा राधानगरीकडच्या सह्याद्रीत उगम पावते, काळम्मावाडीच्या धरणातून सुटून कागल तालुक्यातून खाली येते, वाटेत वेदगंगेला आपल्यात सामावून घेते आणि पुढे कृष्णेला मिळते. मलिकवाडचा पूल ओलांडला की दत्तवाड लागते, आणि ते महाराष्ट्रात आहे.

नदीवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळ्याच्या तोंडी त्यांचे बरगे काढून ठेवतात आणि पूर ओसरला की पुन्हा खाचांत बसवतात. बरगे बसले की मागे पाणी तुंबते, संथ होते, आणि दिवाळीच्या सुमारास त्या पाण्यात रोहू, कटला, शिंगाळा, काठच्या लव्हाळ्यात मरळ असे मासे फिरू लागतात. लहानपणी आम्ही बांबूच्या काठीला दोरा बांधून तेथे बसत असू. गेल्या दिवाळीत पुष्कळ वर्षांनी पुन्हा बसलो. या वेळी हाती बांबूऐवजी दोन रिळे होती. त्यांतले एक आम्ही नुकतेच घेतलेले, मध्यम किमतीचे जपानी. दुसरे वडिलांच्या पश्चात पेटीत पडून राहिलेले, फ्रेंच बनावटीचे ‘मिचेल ३००’.

गळ टाकून बसण्याच्या छंदाविषयी अशा मासिकात लिहावे काय, असा प्रश्न आमच्या मनात आला होता. तो सदलग्यात तर अधिकच येतो. आचार्य विद्यासागर महाराजांचा जन्म १० ऑक्टोबर १९४६ रोजी याच गावी झाला. ज्या गावात पाणी गाळून पिण्याची रीत घराघरांत पाळली गेली, तेथे खांद्यावर काठी टाकून भर पेठेतून नदीकडे जाणे बरे दिसत नाही. आम्ही मळ्याच्या वाटेने जातो. मामींच्या स्वयंपाकघरात मासळीला पूर्वीपासून मज्जाव आहे, आणि आम्हीही धरलेला मासा पाण्यात परत सोडतो. परंतु सोडून दिला म्हणजे हिशेब मिटला, हा आमचा समज या मुक्कामात पार पुसला गेला.

झाले असे. दुसऱ्या दिवशी सकाळी बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला आम्ही नव्या रिळाने कणकेची गोळी लांब टाकली. अर्ध्या तासाने काठीचे टोक वाकले. अशा वेळी रिळावरचा ‘ड्रॅग’ काम करतो. ही चकत्यांच्या घर्षणावर चालणारी सोय असते. मासा ठरावीक जोरापेक्षा अधिक ओढू लागला की दोरा तुटण्याऐवजी रिळाची कांडी थोडी फिरते आणि दोरा सुटत जातो. आमच्या रिळातून त्या दिवशी बोटभरही दोरा सुटला नाही. काठी एकदा कमरेत वाकली, फट्‌ असा आवाज झाला आणि दोरा सैल पडला. गळ, शिसे आणि पंधरा-वीस हात तंगूस माशाबरोबर गेले.

मामा काठावर बसले होते. त्यांचे वय आता अठ्ठ्याहत्तर. उभा जन्म त्यांनी इचलकरंजीत यंत्रमागांवर ‘जॉबर’ म्हणून काढला. माग बिघडला की तो दुरुस्त करणारा माणूस म्हणजे जॉबर. ते बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “मासा गेला त्येचं मला काय न्हाई. त्यो दोरा कुठं जायाचा आता?”

आमच्यापाशी उत्तर नव्हते. नायलॉन कुजत नाही. मागच्या उन्हाळ्यात याच बंधाऱ्यावर एक ढोकरी पायांत तंगूस अडकून बरग्याला लोंबकळत मेलेली त्यांनी पाहिली होती. “मासा धरायचा का न्हाई, ते ज्येचं त्येनं बघावं,” मामा म्हणाले. “पर आपला दोरा आपल्या हातात ऱ्हायला पायजे. घरी चल, ते यंत्र उघडून बघू.”

दुपारी सोप्यात जुने धोतर पसरले आणि दोन्ही रिळे त्यावर ठेवली. मामांनी आयुष्यात रीळ हाताळलेले नव्हते. त्यांनी नवे रीळ उचलले, तारेची कमान उघडली, दोऱ्याचे टोक ओढले आणि थांबले. दोरा भराभर सुटत होता. ज्यावर तो गुंडाळलेला होता ती चकती मात्र जागची हलत नव्हती.

“आरं, ही तर कांडी हाय की!” ते म्हणाले.

वाचकांपैकी ज्यांनी माग पाहिला आहे त्यांच्या हे लगेच ध्यानात येईल. धोट्यात आडव्या सुताची कांडी बसवलेली असते. धोटा इकडून तिकडे धावतो तेव्हा कांडी फिरत नाही. सूत तिच्या टोकावरून अलगद निसटत जाते. रहाटासारख्या फिरणाऱ्या जुन्या रिळात हलके आमिष लांब जात नसे, कारण त्याला आधी सारा रहाट फिरवावा लागे. इंग्लंडातील ब्रॅडफर्ड या लोकरीच्या गिरण्यांच्या शहरातील आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी कांडीचे हे तत्त्व रिळास लावले आणि १९०५ साली त्याचे पेटंट घेतले. योगायोग असा की, त्याच्या आदल्याच वर्षी, १९०४ मध्ये, विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग सुरू केला होता. ज्या यंत्राभोवती मामांचा जन्म गेला त्याचेच हे एक भावंड निघाले. आता इचलकरंजीतही धोट्याविना चालणारे माग पुष्कळ आले आहेत. कांडी हळूहळू दिसेनाशी होत आहे. रिळात मात्र ती टिकली आहे.

ओळख पटल्यावर मामांचे हात सुरू झाले. चूक कोठे झाली ते त्यांना दहा मिनिटांत सापडले, आणि ती कंपनीची नव्हती, आमची होती. मागच्या खेपेस आम्ही ड्रॅगची कळ घट्ट आवळून रीळ तसेच कपाटात टाकले होते. सारा पावसाळा दमट हवेत राहून नमद्याच्या चकत्या दबून एकमेकींस चिकटल्या होत्या. दुसरे असे की, दोरा वळवणारी कमानीवरची इवलीशी गडगडी फिरतच नव्हती. आम्ही रीळ काठच्या ओल्या वाळूवर ठेवत होतो. वाळूचा कण आत जाऊन ती अडकली होती, आणि दोरा तिच्यावरून घासून एका बाजूने खरबरीत झाला होता. असा दोरा तुटणारच होता.

मग दोन्ही यंत्रांची तुलना आपोआप झाली. ‘मिचेल ३००’ची जन्मकथा १९३९ सालची, फ्रान्समधील क्लूझ या घड्याळजींच्या गावची. ते धातूचे, जड. एका बाजूचे झाकण काढले की आतले सारे दाते डोळ्यांपुढे. नवे रीळ हलके, मिश्र प्लॅस्टिकच्या अंगाचे, फिरवताना लोण्यासारखे मऊ. आज बाजारात साधारण तीन ते आठ हजार रुपयांच्या दरम्यान जी रिळे मिळतात त्यांना मध्यम किमतीची म्हणता येईल. त्यांच्या खोक्यांवर बेअरिंगांची संख्या मोठ्या अक्षरांत छापलेली असते, आणि आम्हीही ती पाहूनच निवड केली होती. मामांनी त्यावर मान हलवली. मागात किती बेअरिंगे आहेत यापेक्षा भार जेथे पडतो तेथे कसले बेअरिंग आहे हे पाहावे, असे त्यांचे म्हणणे. रिळातही मुख्य दात्यांपाशी आणि त्या गडगडीत चांगले बेअरिंग असले की पुरे. बाकीची शोभेसाठी नसली तरी सोयीसाठीच असतात.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे दात्यांचे प्रमाण. मुठीच्या एका फेऱ्याला दोरा गुंडाळणारा भाग पाच वेळा फिरतो की सहा, हे त्यावरून कळते. अधिक फेरे म्हणजे दोरा लवकर येतो, पण जड मासा ओढताना हाताला जोर अधिक लागतो. संथ पाण्यात बसणाऱ्याला पाचाच्या आसपासचे प्रमाण पुष्कळ झाले. तिसरी गोष्ट अंगाची. धातूचे अंग ताणाखाली वाकत नाही, त्यामुळे दाते एकमेकांना सरळ भिडतात. प्लॅस्टिकचे अंग गंजत नाही व दिवसभर हातात धरले तरी मनगट दुखत नाही. गोड्या पाण्यात मिठाची भीती नसते. येथे शत्रू एकच, तो म्हणजे गाळ आणि वाळूचा कण.

साफ करण्याच्या रीतीवरून मामांचा आणि आमचा थोडा वाद झाला. त्यांनी सवयीने घासलेटाची बाटली काढली होती. धातूच्या दात्यांना ते चालते, पण प्लॅस्टिक आणि रबराची कडी त्याने खराब होतात, हे आम्ही सांगितले आणि त्यांनी ते मानले. उलट आम्ही रीळ नळाखाली जोराच्या धारेत धुणार होतो. ते त्यांनी अडवले. धारेबरोबर माती निघून जात नाही, ती फटींतून आत जाते. ओलसर फडक्याने पुसावे आणि सावलीत वाळवावे, हेच योग्य. गडगडी, मुठीचा खुंट आणि कमानीचे सांधे यांस शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब. आतल्या मोठ्या दात्यांस ग्रीसचा पातळ हात. मूठ उलटी फिरू न देणारे जे रुळांचे बेअरिंग असते त्याला ग्रीस मुळीच लावू नये, ते घसरू लागते. ड्रॅगच्या चकत्या आम्ही नव्या घातल्या. आमच्या माहितीच्या दुकानदाराने सुटे भाग ठेवले होते म्हणून ते जमले. मध्यम किमतीचे रीळ घेताना चकत्या, कमानीची स्प्रिंग आणि गडगडी सुटी मिळते की नाही, हे आधी विचारावे. न मिळणारे स्वस्त रीळ अखेर महाग पडते.

ड्रॅग किती आवळावा, याला मामांनी सोप्यातच माप काढले. आमचा तंगूस चार किलो भार सोसणारा होता. भाराच्या चौथाईला ड्रॅग सुटला पाहिजे, असा सर्वसाधारण नियम आहे. त्यांनी लिटरभर पाण्याची बाटली दोऱ्याला बांधून टांगली आणि ती जेमतेम सरकू लागेल इतकी कळ फिरवली. चार किलोच्या दोऱ्याला एक किलोचा ताण. मासा कितीही धावला तरी दोरा सहसा तुटणार नाही. घरी परतल्यावर मात्र ही कळ पुन्हा सैल करून ठेवायची.

एक गोष्ट त्यांनी न सांगता ओळखली. मासा दोरा ओढत असताना घाईने मूठ फिरवत राहू नये. कांडी घसरत असते, दोरा आत येत नाही, पण मुठीच्या प्रत्येक फेऱ्याला दोऱ्यात पाच पीळ मात्र चढतात. “पिळाचं सूत मागावर तुटतंयच,” ते म्हणाले. दोरा कांडीच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर खाली राहील इतकाच भरावा आणि कमान मुठीने न मिटवता हाताने मिटवावी, ही आमच्याकडची भर. गळाच्या टोकामागचा उलटा काटाही आम्ही चिमट्याने दाबून टाकला. मासा सोडवताना त्याला इजा कमी होते, आणि दैवयोगाने दोरा तुटलाच तर गळ झटकून टाकणे त्याला सोपे जाते.

निघण्याच्या दिवशी सकाळी मामा आमच्या आधीच नदीवर गेले होते. भोयांपैकी एकाच्या जाळ्यात बंधाऱ्यापाशी तंगुसाचा गुंता आला होता, तो त्यांनी मागून घेतला. आमचाच तो, असे खात्रीने सांगता येत नव्हते. गळ त्याला नव्हता. त्यांनी खिशातून एक जुनी लाकडी कांडी काढली, तो सारा दोरा सोडवीत सोडवीत तीवर गुंडाळला आणि आमच्या पिशवीत टाकला. बोलले काही नाहीत.

पंचगंगेचे पाणी बिघडले म्हणून इचलकरंजीने या दूधगंगेचे पाणी मागितले आणि वरच्या काठच्या गावांनी त्यास विरोध केला, हे वाचकांना वृत्तपत्रांतून ठाऊक असेल. एवढ्या मोठ्या प्रश्नांपुढे वीस हात तंगूस ती काय गोष्ट! तथापि नदीचे जे आपल्या हातून बिघडते, ते तरी आपल्या हातून थांबावे. कोणते रीळ उत्तम, असे आम्हांस आता कोणी विचारले तर आम्ही कंपनीचे नाव सांगत नाही. मागच्या खेपेनंतर ड्रॅग सैल केला होता काय आणि गडगडी फिरते काय, एवढेच विचारतो. ती लाकडी कांडी सध्या आमच्या मेजावर आहे.