विमानातले ताट आणि आपली मान

आता आपल्या वस्तीतली माणसेही बुद्धगयेला, गुवाहाटीला विमानाने जाऊ लागली आहेत. स्वस्त तिकिटात जेवण नसते, विकत घ्यावे लागते. जिथे मिळते तिथे एकच प्रश्न येतो, "व्हेज की नॉनव्हेज?"

एअर इंडिया सरकारी असताना, जुलै २०१७ मध्ये, देशांतर्गत प्रवासात इकॉनॉमी वर्गाचे मांसाहारी जेवण बंद झाले. कारण सांगितले खर्चाचे आणि नासाडीचे. मात्र बिझनेस वर्गात ते चालूच राहिले. विमान एक, पंगती दोन! जानेवारी २०२२ मध्ये कंपनी टाटांकडे गेली. त्याच वर्षी इकॉनॉमीच्या ताटातही कोंबडी परत आली.

परंतु प्रश्न कोंबडीचा नाही. मुंबई-गुवाहाटी प्रवासात हवाईसुंदरीने विचारले तेव्हा माझी पत्नी अगदी हळू म्हणाली, "नॉनव्हेज." मी म्हटले, "अगं, एवढं हळू का?" ती म्हणाली, "शाळेत मी डबा उघडला की मुली उठून दुसरीकडे बसायच्या. सवय गेली नाही अजून."

तीस वर्षे उलटली, तरी तो डबा तिच्या मनात झाकलेलाच आहे.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले, ते केवळ तहान भागवण्यासाठी नव्हे. माणूस म्हणून बरोबरीने जगण्यासाठी होते. कोणी शाकाहारी असेल, त्याचा मान राखू. पण बंधू-भगिनींनो, आपल्या मुलांना डबा झाकून खायला शिकवू नका. जे खातो ते मान वर करून सांगायला शिकवा.

जय भीम!