नाकाची गोळी

३ एप्रिल, हिंगोली
मोंढ्यात गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत. बीट सुरू झालं, कट्टे उलटले. कांडी इकडे, गट्टू तिकडे आणि मधे पिवळा धुरळा. वसमतच्या हळदीला जीआय मानांकन मिळालं २०२४ साली. मला शिंका त्याच्या कितीतरी आधी मिळाल्या. हमाल हसतात, "मुनीमजी, तुम्हाला हळद लागली." पन्नाशीत!

४ एप्रिल
सीपीएमची गोळी घेतली. शिंका थांबल्या, पण दुपारी पट्टीवर ४२ कट्ट्यांचे २४ लिहिले. शेतकऱ्यानंच बोट ठेवलं. भाचा डी. फार्म. झालाय. म्हणाला, "मामा, ही जुनी गोळी मेंदूत शिरते, म्हणून झोप. हिस्टामाइन जिथं बसून नाक वाहवतं, ती जागा ही गोळी आधीच धरून ठेवते." म्हणजे एसटीत रुमाल टाकावा तसं. या जातीच्या औषधांवर काम करणाऱ्या डॅनियल बोव्हे यांना १९५७ साली नोबेल मिळालं म्हणे.

७ एप्रिल
आता सेटिरिझिन. झोप कमी, नाक कोरडं. पॉलिशच्या ड्रमापाशी ऐटीत उभा राहिलो. रात्री दोनला छातीत शिट्या. आणखी एक गोळी घेतली. काही फरक नाही. ओसरीवर बसून पहाट केली. हिनं काय आणावं, तर हळदीचं दूध! हसू आलं, पण हसायला श्वास तर हवा.

८ एप्रिल
डॉक्टरांनी मीटरमध्ये फुंकायला लावलं. "ती नाकाची गोळी. दम्यात हिस्टामाइन एकटं नसतं, त्याचे भाऊबंद पुष्कळ. श्वासनळ्या सुजतात, आवळतात. तिथं पंपच." नातीचं केटोटिफेनचं सिरप घरात आहे, ते चालेल का विचारलं. त्याचा गुण यायला आठवडे लागतात, लागलेल्या धापेवर ते कामाचं नाही. (पोरीची भूक तेवढी वाढलीय.) दोन पंप दिले. एक रोजचा, धाप लागली तर निळा. घरात सगळे गप्प. आमच्याकडं पंप म्हणजे आता संपलंच.

१२ एप्रिल
ॲलर्जीची त्वचाचाचणी करायचीय. त्याआधी आठवडाभर ॲलर्जीची गोळी बंद. ऐन हंगामात! मालकांना अजून बोललो नाही.
दुपारी थप्पीमागं जाऊन निळा पंप ओढला. वळतो तर तोच हळद लागलीवाला हमाल. त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि बंडीच्या खिशातून स्वतःचा काढला, तसाच निळा.
"दोन वर्षं झाली," म्हणाला. "मालकांना सांगू नका."