टबातलं तळं

वीस वर्षं बँकेत दुसऱ्यांच्या पैशांवर व्याज मोजणाऱ्या माणसाला स्वतःचंही काहीतरी वाढताना बघायची हौस असते. पगार वाढतो, पण महागाईच्या मागून. वजन वाढतं, पण त्याचं कौतुक कोणी करत नाही. म्हणून मी बाल्कनीत पाण्याची बाग करायची ठरवली.

हे लोकांना सांगायचं कारण. खरं कारण अण्णा. आई गेल्यावर ते कोकणातलं घर बंद करून आमच्याकडे आले. तिथे देवळामागे तळं होतं; इथे बाल्कनीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते. अण्णांनी तक्रार केली नाही. ते नुसते बोलेनासे झाले.

तळं काही आणता येईना, म्हणून पन्नास लिटरचा काळा टब आणला. कुंडीत चिकण माती, त्यात कुमुदिनीचा कंद, वर खडीचा थर आणि ती कुंडी टबाच्या पाण्यात. आमच्याकडे ऊन पाच तास येतं, तेवढ्यावर कुमुदिनी निभावून नेते म्हणे. अण्णांनी एकदा डोकावून पाहिलं आणि पुन्हा पेपरात तोंड घातलं.

आठव्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी आले. "साठवलेलं पाणी! मागच्या पावसाळ्यात आपल्याच विंगमध्ये डेंग्यू झाला होता, विसरलात?"

विसरेन कसा? पाच दिवस तापानं फणफणलेली ती मुलगी माझीच होती.

रात्री टॉर्च मारून पाहिलं. पाण्यात डोकं खाली करून लटकलेले आणि टबाला टिचकी मारताच वळवळत तळाला जाणारे जिवंत स्वल्पविराम! बी.कॉम.ला अळ्या नव्हत्या, त्यामुळे डास घाण पाण्यात होतात एवढंच माझं ज्ञान. डेंग्यूच्या डासाला मात्र साठलेलं स्वच्छ पाणीच पसंत. अंड्यापासून डास व्हायला त्याला आठ-दहा दिवस पुरतात. आमच्या कर्जमंजुरीपेक्षा पुष्कळच जलद काम.

"अहो, उद्याच्या उद्या टब भंगारात द्या," ही म्हणाली. तिचं बरोबरच होतं.

तेवढ्यात मागून आवाज आला. "अरे, तळ्यात मासे असायचे. तुझ्या टबात नुसतं पाणी आहे."

अण्णा दोन महिन्यांत सलग इतकं बोलले नव्हते. टब वाचला.

दुसऱ्या दिवशी पाणी कोरड्या मातीत ओतलं. टबाच्या कडा काथ्यानं घासून काढल्या, कारण ही अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात. बुडीत म्हणून सोडून दिलेलं कर्ज एवढं चिवट असतं तर! नवं पाणी, त्यातलं क्लोरिन उडावं म्हणून, मच्छरदाणीचा तुकडा बांधून दोन दिवस उघड्यावर ठेवलं. मग महापालिकेच्या मलेरिया विभागातून सहा गप्पी मासे आणले. फुकट! सरकारी कचेरीतून हसतमुखानं बाहेर पडण्याचा माझा तो पहिलाच प्रसंग.

गप्पी अंडी घालत नाहीत, थेट पिल्लंच देतात, आणि तीही साधारण महिन्या-महिन्याला. चक्रवाढ व्याज मी प्रथमच पोहताना पाहिलं. अडचण एकच होती. अण्णा त्यांना चोरून भाताची शितं घालू लागले. पोट भरलेला मासा अळीकडे ढुंकून बघत नाही, जेवणाच्या सुट्टीनंतरच्या आमच्या काउंटरसारखा. शेवटी शितं बंद केली. मासे कामाला लागले, आणि अण्णाही.

आता दर रविवारी अण्णा टॉर्च घेऊन घरभर फिरतात. कुंड्यांखालच्या बशा, फ्रिजमागचा ट्रे, सगळं ओतून कोरडं करतात. परवा सेक्रेटरींकडे चहाला गेले आणि त्यांच्या मनीप्लँटच्या बाटलीत चार स्वल्पविराम दाखवून आले. सेक्रेटरी हल्ली जिन्यात भेटले की आधी अण्णांना नमस्कार करतात.

कुमुदिनीला फूल अजून आलेलं नाही. मी विचारलं तर अण्णा म्हणाले, "घाई काय आहे? मी आहे ना इथेच."


पाच महिन्यांत पहिल्यांदाच ते असं म्हणाले. मी ती रक्कम गुपचूप जमेच्या बाजूला लिहून ठेवली.