चंद्रोदयापूर्वी

आमचे वडील सांगलीस एका अडत पेढीवर चाळीस वर्षे दिवाणजी होते. आई गेल्यावर आम्ही त्यांना येथे चेन्नईस, बेझंट नगरातील आमच्या सरकारी बिऱ्हाडी आणले, तेव्हा त्यांच्या सामानात एक हिशेबाची वही आणि गोळ्यांनी भरलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. डब्याकडे आम्ही पाहिले. वही उघडून पाहण्याचे मात्र आमच्या मनात आले नाही.

केंद्र सरकार आरोग्य योजनेत त्यांचे नाव आश्रित म्हणून लागले व दवाखान्यातून नवी औषधे मिळू लागली. एकाच औषधाची गोळी कंपनीपरत्वे निराळ्या रंगाची व निराळ्या नावाची असते. सांगलीची गुलाबी होती, येथली हिरवी. पोटात गेल्यावर दोन्ही मधुमेहाचे ग्लिमेपिराइडच. आम्ही कचेरीच्या सवयीने भिंतीवर एक तक्ता लावला: सकाळी हिरवी, रात्री पांढरी. तक्ता सुबक होता. त्यात औषधाचे नाव तेवढे नव्हते.

संकष्टीचा दिवस होता. वडिलांचा उपास जुना, आणि साबुदाणा व बटाटा तर आम्हीच साखरेच्या भीतीने बंद केलेला. तेव्हा ते दिवसभर बिनसाखरेच्या चहावर राहिले. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत चंद्रोदय मुंबईचा. चेन्नई पूर्वेकडे असल्यामुळे येथे चंद्र सुमारे अर्धा तास आधी उगवतो, हे आम्ही त्यांना एकदा सांगितले होते; परंतु छापील वेळेपुढे मुलाचे भूगोलज्ञान ते कसे मानणार! पण त्या दिवशी वाद चंद्रोदयापर्यंत पोहोचलाच नाही. दिवेलागणीस आम्ही कचेरीतून परतलो तो ते खुर्चीत घामाने भिजलेले, आणि आम्हांस पेढीवरच्या कोणा हमालाच्या नावाने हाक मारीत होते.

आम्ही उभेच राहिलो. हे लिहावयास लाज वाटते, पण आम्ही तक्त्याकडे पाहत उभे राहिलो. समोरच्या बिऱ्हाडातील मामी आमची हाक ऐकून आल्या. त्यांचे यजमान मधुमेहाचेच. त्यांनी वडिलांच्या बोटाला सुई टोचून यंत्रावर पाहिले: ४६. लागलीच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून त्यांनी स्वतः घोटघोट पाजली, आणि मग आम्हांस तमिळमध्ये जे काही सुनावले त्याचा शब्दार्थ कळला नाही तरी भावार्थ पुरता कळला.

रुग्णालयात डॉक्टरांनी औषधे विचारली. आम्ही तक्ता पाठ म्हटला. तोवर सावध झालेले वडील हळूच म्हणाले, "वही आण." वहीत सारे होते. सकाळी हिरवी एक; दुपारी गुलाबी एक, शिल्लक अमुक. पैसे मोजून घेतलेला माल फेकून कसा द्यावयाचा, म्हणून जुना साठा ते रोज एकेक करून संपवीत होते. लपवाछपवी नव्हती, नोंद तारीखवार होती. ती आम्ही तीन आठवडे पाहिली नव्हती, इतकेच.

डॉक्टरांनी त्यांना रात्रभर ठेवून घेतले. उतारवयात मूत्रपिंडे मंदावतात, औषध अंगात रेंगाळते, आणि चढलेली साखर काही तासांनी पुन्हा घसरू शकते, असे त्यांनी समजावले. म्हाताऱ्यांचे वैद्यक हे या शहराला नवे नाही. येथील सरकारी जनरल हॉस्पिटलात डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी १९७८ साली वृद्धांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. २०२४ साली गिंडीस तर वृद्धांचे दोनशे खाटांचे राष्ट्रीय केंद्रच उघडले. त्याच रस्त्याने आम्ही बसने जात होतो. आम्हांस तक्ता पुरेसा वाटला होता.

परतल्यावर आम्ही डबा उचलून केरात टाकणार, तोच वडिलांनी हात धरला. "मोज आधी." मोजल्या, सतरा निघाल्या. त्यांनी चष्मा लावून वही उघडली, प्रत्येक गोळीचे औषधी नाव आमच्याकडून पाकिटावरून वाचवून घेतले, ते त्या त्या रंगापुढे लिहिले, आणि खाली रेघ ओढून नोंद केली: गुलाबी सतरा, बुडीत खाती. मग विचारले, "पुढच्या संकष्टीस येथला चंद्र किती वाजता?"

आम्ही वेळ सांगितली. डॉक्टरांनी दुपारी जेवावयास सांगितले आहे, तेही सांगितले. वेळ त्यांनी लिहून घेतली. जेवणाचे मात्र, "मामींना विचारीन," म्हणाले.