आईचा नियम आणि आरे-वारेचा सूर्यास्त



"माझ्या नियमांनी तुमची सहल मोडेल," म्हणत 86 वर्षांची आई समुद्राला येणं टाळायची. यंदा मी वेळापत्रकच तिच्या नियमांवर बेतलं. सकाळी देवदर्शन करून कोल्हापूरहून निघालो. दर तासाला थांबत, आंबा घाटातून रत्नागिरीला मुक्काम. सोबत दशम्या, शेंगांची चटणी, गाळलेलं पाणी. दुसऱ्या दिवशी गणपतीपुळ्याच्या किनारी रस्त्यावर आरे-वारेला पाचलाच अंथऊ करून घेतलं. गुडघ्यांमुळे वाळूत उतरलो नाही. वरच्या रस्त्यावरून दोन्ही किनारे दिसतात. आता जेवणाचीही घाई नव्हती. सूर्य पूर्ण बुडेपर्यंत आई बघत राहिली. मग म्हणाली, "जन्मभर तो बुडायच्या आत जेवायची धांदल केली गं, पण त्याला बुडताना निवांत आजच पाहिलं."