पर्वतीची उतरण

पर्वतीला पायऱ्या किती, असे कोणत्याही पुणेकराला विचारा. तो तत्काळ '१०३' असे उत्तर देईल. 'तुम्ही मोजल्यात का?' असे विचारले, की मात्र तो नुसता हसेल. त्याला लहानपणी कोणीतरी तो आकडा सांगितलेला असतो आणि पुढे त्याने तो आपल्या मुलांना सांगितलेला असतो. धडधाकट पायांच्या माणसाने पायऱ्या मोजाव्यात तरी कशाला? ज्याच्या गुडघ्याचे पायरीशी भांडण असते, तोच त्या मोजतो. यंदा मी मोजल्या.

खुद्द पर्वतीच्या देवळाचा जन्मही एका दुखऱ्या पायापोटी झाला, अशी आख्यायिका आहे. नानासाहेब पेशव्यांच्या मातोश्री काशीबाई यांच्या पायाला दुखणे जडले होते. पुण्याजवळच्या पर्वती गावच्या टेकडीवर जागृत देवी आहे, तिला नवस बोलावा, असे कोणी सुचवले. नवस बोलला, पाय बरा झाला आणि १७४९ साली नानासाहेबांनी टेकडीवर देवदेवेश्वराचे मंदिर उभारले. पेशव्यांच्या घरचे दुखणे थांबले आणि पुण्यातल्या तमाम गुडघ्यांच्या परीक्षेची कायमची सोय झाली!

मी शाळेत खेळ शिकवते, त्यातही खो-खो. गेल्या डिसेंबरात मुलींना खांबाशी वळण्याची ढब दाखवत होते. पाऊल मातीत रोवलेले, अंग वळलेले. तेवढ्यात गुडघ्यात वाळकी काडी मोडावी तसा आवाज झाला. संध्याकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा सुजला. आपल्या गुडघ्याच्या आत दोन अस्थिबंध एकमेकांना छेदून फुलीसारखे बसलेले असतात. त्यांतला पुढचा नडगीच्या हाडाला पुढे सरकू देत नाही आणि वळताना गुडघा सावरून धरतो. माझा तोच तुटला होता. पुरता तुटलेला हा बंध सहसा आपण होऊन सांधत नाही. मग डॉक्टरांनी माझ्याच मांडीच्या मागचा स्नायुरज्जू काढला, वरच्या नि खालच्या हाडांत बोगदे पाडून त्यांतून तो ओवला आणि दोन्हीकडे पक्का केला. अशा तऱ्हेने नवा बंध घालण्याची शस्त्रक्रिया इंग्लंडात हे ग्रोव्ह्ज नावाच्या शल्यविशारदाने १९१७ साली केली होती. आता ती दुर्बिणीने, लहानशा छिद्रांतून होते, एवढाच मोठा फरक.

शस्त्रक्रिया तासा-दीड तासाची. खरे काम त्यानंतरचे. पहिले काही आठवडे माझा सारा पुरुषार्थ टाचेखाली पंचाची गुंडाळी ठेवून गुडघा सरळ करण्यात खर्ची पडला. गुडघा वाकण्याची सर्वांना चिंता. पण तो पुरता सरळ झाला नाही, तर माणूस जन्माचा लंगडतो. मांडी तर अशी वाळली, की दोन्ही पाय एकाच बाईचे आहेत, असे कोणी म्हटले नसते. व्यायाम शिकवणारी मुलगी माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची. जिन्याचा मंत्र तिने पहिल्याच आठवड्यात दिला : "बाई, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी."

दहाव्या आठवड्यात मी लंगडायची थांबले. वाटले, झाले, आता मैदान गाठावे! डॉक्टरांपाशी तसे बोलले, तर ते म्हणाले, "आता तुम्हांला बरं वाटतंय ना? म्हणूनच जपा." नवा बंध हाडात बसवला, तरी त्याला आरंभी रक्तपुरवठा नसतो. शरीर तो हळूहळू आपलासा करते आणि या खटाटोपात तो आधी अशक्त होतो, मग बळावतो. साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात तो सर्वांत नाजूक असतो. म्हणजे रोग्याला हुरूप येतो, तेव्हाच दोर कच्चा! वळण्या-उड्यांचे खेळ नऊ महिन्यांच्या आत नाहीत, असे त्यांनी बजावले.

चौथ्या महिन्यात पर्वतीची परवानगी मिळाली. सकाळी सहाला पायथ्याशी गेले, तर तिथे गर्दी. तरुण मुले धावत वर जात होती, धावत खाली येत होती. मी काठी टेकत, मोजत मोजत निघाले. चढण जड गेली नाही. वर देवाला हात जोडले. नैर्ऋत्येला सिंहगड, खाली सारसबाग, पुढे धुक्यात पुणे. मला भलताच अभिमान वाटला. तो पहिल्याच उतरत्या पायरीवर गळाला.

चढताना मांडीचा स्नायू आखडून अंग वर उचलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना सगळा भार आवरून धरतो. वाळलेल्या मांडीला हे दुसरे काम जमेना. पायरीवर पाय थरथरू लागला. मागून येणारे एक आजोबा थांबले. म्हणाले, "ताई, घाई कुणाला आहे? चढायला दम लागतो, उतरायला धीर." ते पुढे गेले नाहीत, शेवटपर्यंत माझ्या एक पायरी मागे राहिले.

त्या दिवसापासून मला पर्वतीचा इतिहासही उतरणीचाच वाटू लागला. पानिपतानंतर खचलेले नानासाहेब १७६१ साली याच टेकडीवर वारले. ते उतरलेच नाहीत. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी दुसऱ्या बाजीरावांनी इथूनच खडकीची लढाई पाहिली, असे सांगतात. ते उतरले, आणि त्यांच्यापाठोपाठ वर्षाच्या आत पेशवाई उतरली. चढण्याचे पोवाडे होतात. उतरायचे कसे, हे कोणी शिकवत नाही.

मी ते आता शिकवते. खेळणाऱ्या मुलींत हा बंध तुटण्याचे प्रमाण मुलांपेक्षा अधिक आढळते आणि नेमक्या व्यायामांनी ते कमी होते, हे मला या दुखण्यात कळले. पूर्वी मी मुलींना वेग शिकवत असे. आता खेळाआधी पंधरा मिनिटे उडी मारून खाली यायला शिकवते : गुडघे वाकलेले, आत न झुकलेले, पाऊल अलगद. मुली कुरकुरतात. "बाई, तुम्ही खांबाशी कधी येणार?" असे विचारतात. नऊ महिने नुकतेच भरले आहेत. पण दोन्ही मांड्यांचे बळ सारखे झाल्याशिवाय डॉक्टर हो म्हणणार नाहीत आणि मीही विचारणार नाही.

तोवर रविवारी सकाळी पर्वती आहेच. थंडीच्या दिवसांत पुण्यास आलात, तर जरूर जा. चढताना वाटेल तेवढ्या गप्पा मारा. उतरताना मात्र आपल्या पुढे कोणी पायरीवर थबकले असेल, तर त्याला ओलांडून जाऊ नका. एक पायरी मागे राहा. त्याला तेवढे पुरते.