नऊपैकी एक भाग

मोबाइलचा फोटो बहुधा 4:3 या प्रमाणात निघतो, आणि दुकानात सर्रास मागितली जाणारी प्रिंट असते 4×6 इंचांची, म्हणजे 3:2. ऐकायला फरक किरकोळ. पण 4000×3000 पिक्सेलचा आडवा फोटो 4×6 वर काठोकाठ छापायचा, तर उंचीतले 333 पिक्सेल जातात. नऊपैकी एक भाग गेला. कुणी काही सांगितलं नसेल, तर यंत्र तो वरून-खालून निम्मा निम्मा कापतं.

लग्नाच्या फोटोत हे निम्मं निम्मं कशावर येतं? वर फेट्याचा तुरा, खाली पावलं. नवरानवरी आजोबांच्या पाया पडताहेत आणि प्रिंटमध्ये आजोबांची पावलंच नाहीत. नुसत्या दोन वाकलेल्या पाठी. रायपुरात चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळातले कार्यक्रम, तात्यापाऱ्यातल्या जुन्या मराठी घरांमधल्या मुंजी-लग्नं, असे फोटो मी प्रिंटसाठी तयार करते. नमस्काराचा फोटो समोर आला की माझी नजर आधी खालच्या कडेवर जाते. वरचा मांडव हवा तेवढा जाऊ दे, पावलं राहिलीच पाहिजेत.

18 डिसेंबरला, सतनामी पंथाचे गुरू घासीदास यांच्या जयंतीला, याच्या अगदी उलट. जैतखाम म्हणजे पांढरा उंच खांब आणि त्याच्या टोकावर पांढरा झेंडा. झेंडा कापला गेला तर सतनामी माणसाच्या दृष्टीने त्या फोटोत उरलं काय? पंथी नाच करणारे एकमेकांच्या खांद्यांवर चढून मनोरा रचतात, तेव्हाही सगळ्यात वरचा गडी महत्त्वाचा. इथे जमीन सोडायची. फोटोत काय चाललंय हे ज्याला कळतं, त्यानेच कड निवडावी असं मी म्हणते ते यासाठी.

3:2 हे माप आलं सिनेमाच्या फिल्ममधून. ऑस्कर बर्नाकने 18×24 मिलिमीटरची सिनेमाची चौकट दुप्पट करून 24×36 केली आणि 1925 मध्ये लायका कॅमेरा बाजारात आला. तो कॅमेरा आयुष्यभर वापरणारा आंरी कार्तिए-ब्रेसाँ फोटो कापण्याच्या ठाम विरोधात होता. तरी डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा त्याचा 1932 मधला प्रसिद्ध फोटो कापूनच छापलेला आहे, कारण कुंपणाची फळी चौकटीत आली होती. मला यातून धीर येतो.

4×6, 8×12, 12×18 ही एकाच प्रमाणाची मापं. फोटो एकदा 3:2 मध्ये बसवला की तिन्हींना चालतो. 8×10 मात्र वेगळं. कॅमेऱ्याचा 3:2 मधला फोटो त्यावर भरला की रुंदीचा सहावा हिस्सा जातो, आणि ग्रुप फोटोत रुंदी म्हणजे माणसं. कडेला उभी असते ती स्वयंपाकघरातून शेवटी हात पुसत आलेली मावशी, नाहीतर बाजूला राहिलेला दूरचा भाचा. कुणी 8×10 ची फ्रेम आधीच घेऊन आलं, तर मी स्पष्ट सांगते, "काकू, दोन बाजूंना पांढरी पट्टी सोडू, पण माणसं कापायला नको." फ्रेमची पट्टीही चारी कडांचा थोडा फोटो झाकते, त्यामुळे डोक्यावर आणि पायाखाली जागा जास्तच ठेवावी.

क्रॉप करताना मी फक्त प्रमाण टाकते, मग चौकट सरकवत राहते. कापलेली प्रत वेगळ्या नावाने ठेवते. मूळ फोटोला हात लावत नाही.

सगळ्यात अवघड काम दिवंगत माणसाच्या फोटोचं. तेराव्याच्या आत 12×18 हवा असतो, आणि घरात असतो तो कुणाच्या तरी बारशाचा ग्रुप फोटो. खांद्यावर शेजारच्याचा हात असतो. "तो काढून टाका" असं घरचे घाईत सांगतात. मी आधी विचारते, हात कुणाचा? आजींचा असेल तर राहू द्या म्हणते, आणि मग कड मनगटावर न आणता कोपराच्या अलीकडे आणते, कारण सांध्यावर कापलेला हात तुटल्यासारखा दिसतो. चेहऱ्याला पिक्सेल कमी असले तर 12×18 चा हट्ट सोडून 8×12 घ्यायला लावते.

त्यातही फोटो व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने आलेला असला, तर लांब बाजू साधारण 1600 पिक्सेलवर आलेली असते. इंचाला 300 धरले तर जेमतेम सव्वापाच इंच, तेही अख्ख्या ग्रुपचे. एका चेहऱ्याच्या वाट्याला किती येणार? म्हणून तो फोटो मुळात कुणाच्या मोबाइलने काढला होता ते शोधायला सांगते. नागपूरचा भाऊ असो की भिलाईची सून, त्यांनी तो डॉक्युमेंट म्हणून पाठवला की पिक्सेल पूर्ण मिळतात, आणि मग 12×18 चा विचार पुन्हा करता येतो.